सात नळ्यांचं पाणी

दुपारी दीडच्या सुमाराला आबासाहेब शेडच्या दाराशी आले आणि आत पाऊल टाकायच्या आधीच थबकले. आत आवाज नव्हता.

रेशमाच्या अळ्यांचं शेड असं गप्प नसतं. अळ्या शेवटच्या अवस्थेत आल्या, बोटाएवढ्या झाल्या की त्यांची भूक आवरत नाही. साठ हजार तोंडं तुतीच्या पाल्यावर एकदम चालतात, आणि बारीक आचेवर चुरमुरे परतावेत तशी खरखर दिवसभर कानावर येत राहते. आज सकाळी टाकलेला पाला तसाच पडून होता, कडांनी वाळायला लागलेला. अळ्या माना वर करून निपचित पडल्या होत्या.

त्यांची सून पंकजा मधल्या रॅकपाशी उभी होती. तिनं मागं वळून पाहिलंही नाही.

"मामा, चौतीस," ती म्हणाली. "अठ्ठावीसच्या वर जाऊ द्यायचं न्हाई म्हनत्यात, आन् हितं चौतीस. नळीतनंच गरम हवा येतीय."

आबासाहेबांनी नळीच्या तोंडाशी हात धरला. पहाटे गारठलेल्या पायांवर म्हशीचा उच्छ्वास यावा तशी कोमट हवा तळहाताला लागली. त्यांनी हात पटकन मागं घेतला. काय झालं असावं याचा त्यांना अंदाज आला होता, आणि तो अंदाज कुणालाही सांगायची त्यांची छाती नव्हती.

ही नळी काय भानगड आहे ते आधी सांगायला हवं.

तिसगावपासून चार-पाच मैलांवर ही वस्ती. अंगद आणि पंकजा या नवराबायकोनं नऊ हंगाम ऊसतोडीला घातले होते. तोडीला कुणी एकटा जात नाही. एक कोयता म्हणजे एक जोडी, नवरा तोडणार आणि बायको मोळ्या बांधणार. त्यांची ज्योती फडावरच्या खोपीत जन्मली. ती सहा वर्षांची झाली तेव्हा तिला शाळेसाठी आजी-आजोबांपाशी ठेवली, आणि तेव्हापासून दसऱ्यानंतर ट्रक निघाला की पोरगी दोन दिवस जेवायची नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी पंकजानं हट्टानं एकरभर तुती लावली आणि शेड उभं केलं. पावसाळ्यातली आणि हिवाळ्यातली बॅच चांगली निघाली. पण उन्हाळ्यात या भागात कुणी अळ्या पाळायच्या फंदात पडत नाही, आणि उन्हाळ्याची बॅच नसली की वर्ष निभत नाही. वर्ष निभलं नाही की पुन्हा ट्रक. यंदाची ही वैशाखातली बॅच निघाली तर कोयता कायमचा माळ्यावर पडणार होता. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, ज्योतीलासुद्धा.

तिसगावच्या शाळेत विष्णुपंत नावाचे मास्तर होते. अंगद त्यांच्या हाताखाली शिकला. त्यांचा नातू अर्णव नगरला इंजिनियर होता. फेब्रुवारीत तो आला आणि त्यानं जेसीबी लावून शेडपासून बांधापर्यंत दहा फूट खोल चर खणला. त्यात साठ मीटरची जाड नळी टाकली, चर बुजवला. बांधाकडच्या तोंडाला सोलरवर चालणारा पंखा बसवला, दुसरं तोंड शेडमध्ये काढलं.

"जमिनीच्या पोटात प्रचंड उष्णता आहे, आबा," चर बुजवायच्या आधी तो सांगत होता. "जितकं खोल जाल तितकं गरम. काही देशांत ती उष्णता अगदी वरपर्यंत आलेली आहे. तिथं भोक पाडून वाफ काढतात, वाफेवर वीज करतात, थंडीत घरं गरम ठेवतात, भाजीपाला पिकवतात. आपल्या कोकणातली गरम पाण्याची कुंडं आहेत ना, ती त्यातलीच."

"मंग हितं काढ की वीज," आबासाहेब म्हणाले. "लोडशेडिंगचा तरी ताप जाईल."

अर्णव हसला. "इथं ती फार खोल आहे. आपल्याला तिथवर जायचंच नाही, आपण वरचे दहा फूट वापरायचे. तेवढ्या खोलीवर ना उन्हाळा पोचतो ना हिवाळा. वर्षभराच्या ऊन-थंडीची सरासरी तिथं मुरलेली असते."

आणि त्यानं चरात दोरीनं थर्मामीटर सोडून दाखवला. वर छत्तीस होतं. खाली, ताज्या उकरलेल्या मुरमात, सव्वीस. बाहेरची तापलेली हवा पंखा नळीत ढकलणार, जमीन तिची उष्णता काढून घेणार आणि शेडमध्ये गार हवा येणार. थंडीत बरोबर उलटं. आबासाहेबांनी थर्मामीटर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, मान डोलावली. त्यांना ते खरंच आवडलं होतं.

त्यानंतर अर्णवनं जे सांगितलं ते मात्र त्यांना आवडलं नाही. चराच्या रेषेवर त्यानं सात उभ्या नळ्या रोवल्या होत्या, खाली जाळीसारखी भोकं असलेल्या, वर हातभर बाहेर आलेल्या आणि टोपण लावलेल्या. दर चौथ्या दिवशी प्रत्येक नळीत दोन बादल्या पाणी ओतायचं. कोरडा मुरूम उष्णता पुढं सरकू देत नाही, ती नळीच्या अंगालाच साचत जाते. ओला मुरूम ती लांबवर पसरवतो. असं तो म्हणाला. पंकजानं ते नीट ऐकलं. आबासाहेबांनी फक्त एवढंच ऐकलं की जमिनीला भोक पाडून त्यात पाणी ओतायचंय.

ज्या गावानं पाणी वर काढायला सहाशे-सहाशे फूट भोकं पाडली, त्या गावात ते पाणी पुन्हा भोकात ओतायचं! बहात्तरच्या दुष्काळात आबासाहेब चौदा वर्षांचे होते, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होते. त्यांची आई एका तांब्याचं पाणी तीनदा वापरायची. तोंड धुतलेलं पाणी परातीत धरायचं, त्यात भांडी विसळायची आणि मग ते शेळीला. असल्या माणसाला सांगितलं की वैशाखात, टँकर तीन दिवसांनी येत असताना, चौदा बादल्या म्हणजे एक अख्खं टिपाड बोडक्या जमिनीत ओत. जिथं गवताची काडीसुद्धा उगवणार नाही तिथं ओत. हात कसा चालणार?

तरी काम त्यांच्याकडंच होतं. "मामा, ह्ये तुमीच बघा," पंकजा म्हणाली होती, आणि त्यांना त्याचा अभिमानही वाटला होता. शेडमध्ये कॅलेंडर टांगलेलं, त्याला सुतळीनं पेन्सिल बांधलेली. पाणी ओतलं की त्या तारखेवर टीक करायची.

पहिल्या तीन वेळा त्यांनी इमानानं ओतलं. चौथ्या वेळी बादली घेऊन निघाले तर वाटेत तुतीच्या खालच्या सऱ्या दिसल्या, माना टाकलेल्या. उभं पीक तहानलेलं आणि आपण भोकात पाणी ओततोय, ही गोष्ट त्यांच्या मनाला इतकी लागली की ते तसेच वळले आणि सगळं टिपाड तुतीला घातलं. अळ्यांच्याच तोंडात जाणार होतं की ते! टीक करताना मात्र हात जरा अडखळला. त्यापुढच्या वेळी अडखळला नाही.

सव्वा महिना झाला या गोष्टीला. खालच्या सऱ्या अशा हिरव्यागार झाल्या की पंकजानं त्यांचं कौतुक केलं. त्यांनी ते कौतुक खाल मानेनं ऐकून घेतलं.

शेडमध्ये पंकजानं अर्णवला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. अंगद बाहेरून गोणपाटं भिजवून आत टांगत होता, तोही येऊन उभा राहिला.

"नळीतून येणारी हवा किती?" अर्णवनं विचारलं.

"तेहतीस. आठ दिसामागं तीस व्हती. रोज वाढतीय."

"पाणी? चौथ्या दिवशी जातंय ना?"

पंकजानं कॅलेंडरकडं बघितलं. सगळ्या टिका जागच्या जागी, एका सरळ ओळीत.

"एक दिस चुकला न्हाई," ती म्हणाली. "मामा सोताच्या हातानं वततात."

आबासाहेब दाराच्या चौकटीला धरून उभे होते. आत्ताच बोलावं, असं त्यांना वाटलं. पण घरात आजवर त्यांचा शब्द शेवटचा होता. सुनेसमोर 'माझं चुकलं' म्हणायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती आणि ती कशी आणतात हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

फोनवर अर्णव म्हणाला, "पाणी नियमित असेल तर दुसरं कारण दिसत नाही. नळी कुठंतरी दबली असणार, नाहीतर जोड निसटला. उकरून बघावं लागेल. पण वहिनी, एकदा उकरली की या बॅचपुरती ती गेलीच म्हणून समजा. सगळा मुरूम उघडा पडून तापणार."

"आन् न्हाई उकरली तर?"

"तर ही अशीच गरम हवा. पंखा बंद करा आणि जेवढ्या वाचतील तेवढ्या वाचवा."

पंकजानं फोन ठेवला. तिचा चेहरा एवढासा झाला होता. "दोन दिस," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "दोन दिसात कोष करायला बसल्या असत्या ह्या."

"उकरू," अंगद म्हणाला. "जोड निसटला असंल तर तासाभरात बसवू. गोरक्षनाथचा जेसीबी तिसगावात उभा हाय." आणि मोटारसायकलला किक मारून तो गेलासुद्धा.

आबासाहेब चराच्या रेषेकडं चालू लागले, हातात पाण्याची बादली. आपण गपचूप ओतू, तासाभरात हवा गार येईल, कुणाला कळायचं नाही, असा त्यांचा बेत होता. भीतीनं माणसाची अक्कल किती पातळ होते बघा! सव्वा महिन्याचं कोरडेपण तासाभरात भरून काढायला निघाले होते.

पहिल्या नळीचं टोपण निघेना. मातीनं घट्ट बसलेलं. पिळून काढलं तर आत, तोंडाशीच, कोळ्याचं जाळं. पांढरं, दाट, कुठंही न फाटलेलं, मधोमध कोळी बसलेला. दर चौथ्या दिवशी दोन बादल्या ओतलेल्या नळीत असलं जाळं कसं राहील? टोपण कुणीही उचलायचा अवकाश. त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि बोटानं जाळं पुसून घेतलं. दुसऱ्या नळीतही तेच. तेही पुसलं. बादली ओतली तर नळीनं ती घशात ओतल्यासारखी घटाघटा पिऊन टाकली आणि खालून काही आवाजच आला नाही.

तिसऱ्या नळीचं टोपण हातात होतं तेव्हा त्यांना स्वतःची किळस आली. आपण पुरावा पुसतोय. आत सुनेची दोन वर्षांची मेहनत निपचित पडलीय आणि आपण जाळी पुसत बसलोय. पण त्यांनी टोपण परत लावून टाकलं आणि तिथंच उकिडवे बसून राहिले, ऊन डोक्यावर घेत.

तिसगावच्या रस्त्यानं जेसीबीचा आवाज आला तेव्हा तीन वाजले होते.

अंगद पुढं मोटारसायकलवर, मागं धुरळा उडवत यंत्र. पंकजा शेडच्या दारात येऊन उभी राहिली, तिच्यामागं आबासाहेबांची बायको पुष्पावती, पदरानं वारा घेत. अंगदनं हातानं जागा दाखवली. गोरक्षनाथनं यंत्र फिरवलं, पंज्याचे दात खाली आणले. ते दात चौथ्या नळीच्या वीतभर अलीकडं होते.

आबासाहेब उठले आणि त्या दातांसमोर जाऊन उभे राहिले.

"आबा, सरका!" अंगद ओरडला.

"नगं उकरू."

"आवो, येळ कुठाय आपल्याकडं? सरका म्हनतो ना!"

"नळी चांगली हाय. नगं उकरू."

"कशावरनं?"

यंत्र घरघरत होतं. आबासाहेबांनी मुलाकडं बघितलंच नाही. ते दारात उभ्या असलेल्या पंकजाकडं बघत होते.

"टिका खोट्या हायत," ते म्हणाले.

तिला ऐकू गेलं नाही. ती दोन पावलं पुढं आली. "काय म्हनला, मामा?"

"टिका. म्या केल्या त्या. पानी वतलंच न्हाई. तुतीला घातलं."

गोरक्षनाथनं यंत्र बंद केलं. परक्या घरातलं असलं काही आपल्या कानावर पडू नये म्हणून तो पाठ फिरवून तंबाखू मळायला लागला. अंगदचा चेहरा लाल झाला. पुष्पावती म्हणाली, "अवो, काय करून बसला हो तुमी?" आणि मटकन खाली बसली.

पंकजा पुढं आली. तिनं चौथ्या नळीचं टोपण पिळून काढलं, आत डोकावून पाहिलं. कोळी जाळ्यात होता. तिनं टोपण हातातच धरून ठेवलं.

"किती दिस?"

"सव्वा महिना."

आता ती ओरडेल, रडेल, असं आबासाहेबांना वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ती त्यांच्याकडं बघत राहिली आणि मग हळू आवाजात म्हणाली, "मामा, त्या अळ्यांना बोलता येत न्हाई. तुमाला येतंय."

एवढंच. मग ती वळली आणि अर्णवला फोन लावला. तिनं त्याला जसंच्या तसं सांगितलं, कुणाला पाठीशी न घालता आणि एकही शब्द न वाढवता.

"मग नळी शाबूत आहे!" फोनमधून अर्णवचा आवाज उंच झाला. "ऐका, पंखा आत्ता बंद करा. आहे तेवढं सगळं पाणी नळ्यांत ओता. दोन बादल्या नाही, सहा-सहा. दिवस मावळल्यावर पंखा चालू करा, बॅटरीवर चालेल तेवढा चालवा. रात्रीची गार हवा जमिनीतली साचलेली उष्णता बाहेर काढेल. वाचतीलच असं मी म्हणत नाही. पण ओता."

सात नळ्या, सहा-सहा बादल्या. टँकर परवा यायचा होता. घरातलं टिपाड रिकामं झालं, अंगणातल्या टाकीचा तळ दिसला, म्हशीच्या हौदातलं पाणी गेलं, धुण्यासाठी धरून ठेवलेलं गेलं. पिण्याच्या दोन घागरी पुष्पावतीनं तेवढ्या पदराआड केल्या. गोरक्षनाथ निघून गेला नाही. त्यानं यंत्राच्या केबिनमधला स्वतःचा पाण्याचा जार आणून ओतला. आबासाहेबांनी कुणाच्या हातात बादली राहू दिली नाही. गुडघे वाजत होते, धोतर चिखलानं भरलं होतं, आणि दर बादलीला त्यांच्या डोळ्यांसमोर आईचा तो एक तांब्या येत होता. ओतताना जीव तुटत होता. तरी ते ओतत राहिले.

संध्याकाळी पंखा सुरू केला. पहिल्यांदा गरम हवाच आली, उलट जरा दमट. पंकजा थर्मामीटर घेऊन नळीच्या तोंडाशी बसली. तेहतीस. अर्ध्या तासानं बत्तीस. कुणी जेवलं नाही. रात्री नवाच्या सुमाराला एकतीस झालं. तिनं ताजा पाला चिरून टाकला आणि सगळे उभे राहून ऐकत राहिले. आबासाहेब दाराबाहेर होते. आत जायची त्यांना लाज वाटत होती. त्यांनी डोळे मिटून कान दिला.

पूर्वेकडच्या रॅकवर कुठंतरी बारीक खरखर सुरू झाली. मग शेजारच्या रॅकवर. आबासाहेबांना हुंदका आवरला नाही, आणि आवरायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

पश्चिमेकडचे दोन रॅक गप्पच राहिले. सकाळी त्या अळ्या काळवंडल्या होत्या. अंगदनं खड्डा घेतला, चुना टाकला आणि त्या पुरल्या. सहापैकी दोन रॅक गेले. बाकीच्या चार रॅकवरच्या अळ्या तिसऱ्या दिवशी पिवळसर होऊन चंद्रिकेवर, कोष करायच्या जाळीवर, चढल्या आणि अंगाभोवती धागा गुंडाळायला लागल्या.

"चार रॅकवर वरीस निघंल का?" अंगदनं विचारलं. ट्रकचं नाव त्यानं घेतलं नाही, पण प्रश्न तोच होता.

"वढून काढू," पंकजा म्हणाली. "मी जात न्हाई तोडीला. आन् मी न्हाई तर तुमी कसं जाल? नळी खोटी न्हाई निघाली, एवढं बास झालं मला. त्या दिशी उकरली आसती तर समदे जलमभर म्हनले आसते, ह्ये जमिनीचं काय खरं न्हाई."

ती आबासाहेबांशी नेहमीसारखं बोलत होती. चहा देत होती, गोळी घेतली का विचारत होती. पाण्याचा विषय मात्र ती काढत नव्हती, आणि त्यांना तेच खुपत होतं.

टँकर येऊन गेला होता. चौथ्या दिवशी आबासाहेबांनी कुणी सांगायची वाट पाहिली नाही. चौदा बादल्या मोजून ओतल्या आणि टोपणं न लावता सातही नळ्या उघड्या ठेवल्या. मग शेडच्या दाराशी गेले.

"पंकजा, वतलं पानी. जरा यीऊन बघ."

"तुमी वतलं ना, मग झालं की," ती आतून म्हणाली.

"न्हाई. आधी बघ."

ती बाहेर आली. पहिल्या नळीवर वाकली, आत बघितलं, दुसरीकडं गेली. आबासाहेब टोपणं हातात घेऊन मागं मागं चालत होते. दोन-तीन बघून ती म्हणेल, बास आता, असं त्यांना वाटलं होतं. खरं सांगायचं तर त्यांची तशी आशा होती.

तिनं सातही बघितल्या. प्रत्येकीत वाकून, ओल्या कडेला बोट लावून. मग आत जाऊन तिनं कॅलेंडरची पेन्सिल सुतळीसकट सोडवून आणली आणि त्यांच्यासमोर धरली. "करा आता टीक, मामा," ती म्हणाली.